गव्यासाठी रायफल : एका जुन्या वादाचा आढावा

शिकारीच्या वाङ्मयात जे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आणि ज्यांचा निकाल अद्याप लागलेला नाही, त्यांत मोठ्या जनावरासाठी कोणत्या मापाची रायफल योग्य, हा वाद अग्रस्थानी ठेवावा लागतो. वाघ, गवा, अस्वल आणि हत्ती यांच्यासमोर बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांनी गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नावर विपुल लिहून ठेवले आहे. परंतु त्या लिखाणात अनुभव आणि अभिनिवेश यांची इतकी सरमिसळ झालेली आहे की, एकातून दुसरे निवडून काढणे हेच वाचकाचे पहिले काम होऊन बसते. आज भारतात त्या जनावरांवर हौसेखातर गोळी झाडण्याचा अधिकार कोणालाही उरलेला नाही. त्यामुळे, ज्यांचे हितसंबंध या वादात गुंतले होते ते शिकारी आणि बंदूककर्ते दोघेही पडद्याआड गेल्यावर, त्याच्याकडे शांत चित्ताने पाहण्याची सोय झाली आहे, असे मला वाटते.

कोल्हापूरच्या माणसाला हा विषय परका नाही. कळंब्याच्या तलावापासून दक्षिणेला कात्यायनीचे डोंगर लागतात, आणि तेथून नैर्ऋत्येकडे जसजसे जावे तसतशी उसाची शेते मागे पडून राधानगरी-दाजीपूरचे ते घनदाट अरण्य सुरू होते, जे कोल्हापूर संस्थानच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान होते. राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) आणि त्यांच्यामागून गादीवर आलेले राजाराम महाराज या दोघांनाही शिकारीचा मनस्वी नाद होता. माळावरच्या काळविटांसाठी शिकारखान्यात पाळीव चित्ते बाळगण्याची कोल्हापूर दरबारची रीत तर देशभर गाजलेली होती. पण माळावरची चित्त्याची शिकार हा बंदुकीचा विषयच नव्हे. बंदुकीचा खरा प्रश्न उभा राहतो तो दाजीपूरच्या रानात, दहा-वीस पावलांपलीकडचे काही दिसत नाही अशा कारवीच्या जाळीत, जेथे समोर हजार किलोपर्यंत वजन भरणारा गवा असतो. म्हणून या आढाव्यात मी वाघापेक्षा गव्यालाच मध्यवर्ती ठेवले आहे.

काळ्या दारूचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंदुकीची शक्ती वाढवण्याचा एकच मार्ग उपलब्ध होता, आणि तो म्हणजे गोळी मोठी करणे. काळ्या दारूने गोळीला दिलेला वेग एका मर्यादेपलीकडे जात नसे. वेग वाढत नाही तर वजन वाढवावे, हा सरळ हिशेब होता. बंदुकीचे माप त्या काळी ‘बोअर’ने सांगत, म्हणजे एक पौंड शिशाच्या त्या नळीत बसतील अशा किती गोल गोळ्या होतात, त्या संख्येने. बारा बोअरच्या बंदुकीत पौंडाला बारा गोळ्या, आठ बोअरमध्ये आठ, आणि चार बोअरमध्ये चार. चार बोअरची गोळी, नावापुरती का होईना, पाव पौंडाची, आणि नळीचे तोंड जवळजवळ एक इंच व्यासाचे! म्हैसूरच्या रानांत हत्ती आणि गवे यांच्यामागे आयुष्य घालवणाऱ्या जी. पी. सँडरसनने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशाच अवजड बंदुकांचा पुरस्कार केलेला आहे. सर सॅम्युएल बेकरने तर सुमारे वीस पौंड वजनाची एक एकनळी बाळगली होती. तिचा बार काढल्यावर आपण जागच्या जागी गरकन फिरत असू, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे.

या प्रचंड गोळ्यांविरुद्ध पहिली प्रतिक्रिया आली ती ‘एक्स्प्रेस’ रायफलींच्या रूपाने. गोळी हलकी करावी, दारू वाढवावी, आणि गोळीच्या टोकाला पोकळी ठेवावी, म्हणजे ती जनावराच्या अंगात फुलेल, असे तिचे तत्त्व होते. .४५०, .५०० आणि .५७७ या इंची मापांच्या काळ्या दारूच्या एक्स्प्रेस रायफली वाघाच्या शिकारीत हिंदुस्थानभर प्रिय झाल्या. वाघाचे कातडे पातळ आणि हाडे तुलनेने हलकी असल्याने त्याच्यावर ही पोकळ गोळी उत्तम चाले. परंतु तीच गोळी गव्याच्या खांद्यावर बसली असता पुष्कळदा वरच्यावर फुटून जाई, आणि जनावर जखमी होऊन रानात निघून जाई. पुढच्या साऱ्या वादाचे बीज या एका अनुभवात आहे. गोळी किती जोरात लागली याहून ती किती खोल गेली, हा प्रश्न वेगळा आहे, हे तेथेच प्रथम स्पष्ट झाले. मात्र पुढील काळातही अनेक लेखकांनी हे दोन प्रश्न एकच समजून लिहिले, आणि वाद नाहक लांबला.

कॉर्डाइट आणि सरकारी मनाई

१८८९ साली कॉर्डाइट या धूरविरहित दारूचा शोध लागला आणि पुढील दहा वर्षांत सारे चित्र पालटले. १८९८ साली लंडनच्या जॉन रिग्बीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस बाजारात आणले. ४८० ग्रेनची, म्हणजे एकतीस ग्रॅमची गोळी सेकंदाला २,१५० फूट वेगाने जाई, आणि तिच्यावर निकेल-पोलादाचे अखंड कवच चढवले म्हणजे ती हत्तीच्या कवटीतूनही आरपार प्रवास करी. सोळा-वीस पौंडांच्या बंदुका उचलून नेणारे हरकारे आता अनावश्यक ठरले. दहा-अकरा पौंडांची दुनळी रायफल ते काम करू लागली.

परंतु हिंदुस्थानात या मापाला एक निराळेच विघ्न आले. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीचे माप .४५० होते आणि त्या रायफली सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती मोठ्या संख्येने पडलेल्या होत्या. तेव्हा शिकारीच्या नावाखाली आलेला दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल या भीतीने सरकारने १९०७ च्या सुमारास .४५० मापाच्या रायफली आणि काडतुसे यांच्या आयातीला मनाई केली. हा हुकूम शिकारीसाठी काढलेला नव्हता. तरीही शिकारीच्या रायफलींचा पुढील इतिहास त्याने घडवला. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रत्येक पेढीने मनाईच्या कक्षेबाहेर, पण शक्तीने .४५० च्या बरोबरीचे असे स्वतःचे माप काढले : जोसेफ लँगचे .४७०, हॉलंड अँड हॉलंडचे .४६५, वेस्टली रिचर्ड्सचे .४७६ आणि आणखी दोन-तीन. या मापांत शक्तीचा फरक नगण्य होता. तरी अमुक माप तमुक मापाहून श्रेष्ठ, याविषयी नंतरच्या पुस्तकांत पाने भरून वाचावयास मिळतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. कारण ती सारी मापे एका जकात-हुकुमाची अपत्ये आहेत, कोणा शिकाऱ्याच्या अनुभवातून ती निपजलेली नाहीत.

हिंदुस्थानच्या हवेचाही एक परिणाम या सुमारास ध्यानात आला. कॉर्डाइट तापले की त्याचा दाब वाढतो. विलायतेत तपासलेले काडतूस मे महिन्याच्या उन्हात ठेवलेल्या पेटीतून काढून झाडले तर दाब इतका चढे की, रिकामे काडतूस नळीत अडकून बसे. म्हणून उष्ण देशांसाठी दारूचे प्रमाण कमी केलेली निराळी काडतुसे बनवण्याची पद्धत पडली.

पहिला पक्ष : अवजड दुनळी

विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत तीन पक्ष स्पष्टपणे उभे राहिले. त्यांतील पहिला पक्ष अवजड दुनळी रायफलीचा, आणि संस्थानिकांच्या शस्त्रागारांत याच पक्षाची सरशी झालेली दिसते.

दुनळी रायफल हातात घेऊन पाहिल्याखेरीज तिच्या कैवाऱ्यांचा आग्रह समजत नाही. दोन नळ्या शेजारीशेजारी झाळलेल्या असतात, पण त्या एकमेकींना समांतर नसतात. पुढच्या टोकाला त्या किंचित आत वळलेल्या असतात, जेणेकरून बाराच्या धक्क्याने प्रत्येक नळी आपल्या बाजूस उसळली तरी दोन्ही गोळ्या शंभर यार्डांच्या आसपास एकाच ठिकाणी पडाव्यात. हे जुळवण्याचे काम यंत्राचे नाही. कारागीर निशाणावर बार काढतो, नळ्यांमधील पाचर सैल करतो, कणभर सरकवतो, पुन्हा झाळतो, पुन्हा बार काढतो, आणि हे दिवसचे दिवस चालते. म्हणूनच अशी रायफल एकाच दारूला, एकाच वजनाच्या गोळीला जुळलेली असते. काडतूस बदलले की दोन्ही नळ्यांची वाट फुटते. तिला चाप दोन, कुलपे दोन. एक बिघडले तरी दुसरे शाबूत. दुसरा बार काढण्यासाठी हात हलवावा लागत नाही, केवळ बोट पुढच्या चापावरून मागच्या चापावर न्यायचे. मागच्या माशीचे पान रुंद आणि उथळ, तर पुढच्या माशीचे पांढरे टोक तिन्हीसांजेच्या अंधुक प्रकाशातही दिसावे असे.

या पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे की, जाळीतून गवा बाहेर पडतो तेव्हा अंतर पंधरा पावलांचे आणि वेळ दोन श्वासांची असते. त्या वेळी पहिली गोळी जरा चुकीच्या जागी बसली तरी जनावराला थबकवील असा भार तिच्यात हवा, आणि दुसरी गोळी क्षणात सुटली पाहिजे. .४५०/४०० हे यातले सौम्य माप. ४०० ग्रेनची गोळी आणि खांद्याला सोसवणारा धक्का, यांमुळे हिंदुस्थानात ते अत्यंत लोकप्रिय झाले. नरभक्षक वाघांचा शिकारी जिम कॉर्बेट याची जेफ्री या पेढीने बनवलेली दुनळी याच मापाची होती. वरच्या टोकाला .५७७ आणि .६००, ती हत्तीसाठी. .६०० ची गोळी ९०० ग्रेनची आणि रायफल सोळा पौंडांची.

या पक्षाचा कमकुवत दुवा त्याच्या विरोधकांनी अचूक हेरला होता. किंमत. अशी रायफल राजेरजवाडे, चहामळ्यांचे मालक आणि मोठे अधिकारी यांनाच परवडणारी. शिवाय ज्याला तिच्या धक्क्याची धास्ती वाटते, तो चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतो.

दुसरा पक्ष : एकनळी मॅगझिन रायफल

जर्मन मॉझरच्या १८९८ च्या बोल्टने, म्हणजे हाताने मागेपुढे ओढावयाच्या खिट्टीने, दुसऱ्या पक्षाला जन्म दिला. तीन, चार, पाच काडतुसे पोटात मावणारी, एकच नळी असल्याने जुळवणीची कटकट नसलेली, आणि दुनळीच्या एका अंशाएवढ्या किमतीत मिळणारी ही रायफल. जेफ्रीचे .४०४, वेस्टली रिचर्ड्सचे .४२५, रिग्बीचे १९११ मधील .४१६ आणि हॉलंड अँड हॉलंडचे १९१२ मधील .३७५ मॅग्नम ही या पक्षाची प्रमुख मापे होत.

त्यांतही .३७५ ने जे स्थान मिळवले ते दुसऱ्या कोणत्याही मापाला लाभले नाही. ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला २,५०० फूट वेगाने जाते. तिची वाट सपाट, त्यामुळे दीडशे-दोनशे यार्डांवरील सांबरही टिपता येते आणि अखंड कवचाची गोळी घातली तर गव्याचा खांदाही भेदता येतो. आफ्रिकेतील अनेक मुलखांत धोकादायक जनावरांसाठी किमान माप म्हणून कायद्याने पुढे हेच ठरवले गेले. एकच रायफल बाळगण्याची ज्याची ऐपत किंवा परवानगी आहे, त्याने .३७५ घ्यावी, हा सल्ला इतक्या परस्परविरोधी स्वभावांच्या लेखकांनी दिला आहे की, या संपूर्ण वादात मतैक्याच्या जवळ जाणारी गोष्ट हीच म्हणावी लागेल.

आक्षेप दोन. दुसऱ्या बारासाठी बोल्ट ओढावा लागतो, आणि जवळच्या जनावरापुढे तो अवधी कधी कधी मिळत नाही. दुसरा आक्षेप असा की, जास्त दाबाचे काडतूस उन्हात अडकण्याचा धोका दुनळीपेक्षा येथे अधिक. रिग्बीने .४१६ चे काडतूस मुद्दाम ऐसपैस बनवले ते याच कारणासाठी, दाब कमी राहावा म्हणून.

तिसरा पक्ष : लहान माप, अचूक नेम

तिसऱ्या पक्षाचा नायक डब्ल्यू. डी. एम. बेल. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काळात युगांडाच्या करामोजा प्रांतात आणि अन्यत्र त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतील बहुसंख्य .२७५ म्हणजे सात मिलिमीटरच्या मॉझर रायफलीने. त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून मेंदूची जागा अभ्यासली होती. पेन्सिलीएवढी लांब, अरुंद, अखंड कवचाची गोळी मेंदूत गेली तर हत्ती जागीच बसतो, आणि न गेली तर पौंडभराच्या गोळीनेही बसत नाही, हे त्याचे प्रतिपादन होते. कॉर्बेटने १९३० साली चौगडची नरभक्षक वाघीण मारली तीही .२७५ रिग्बीनेच, एका हाताने रायफल धरून, कारण दुसऱ्या हातात पक्ष्याची अंडी होती. दक्षिणेत शिकारी-लेखक केनेथ अँडरसनची आवडती रायफल .४०५ विंचेस्टर होती. ती मध्यम मापाची आणि खालच्या कांडीने चालणारी. अतिमहाग दुनळीविना भागते, याचे तेही एक उदाहरण.

या पक्षाला न्याय देताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बेलने ज्या कळपांवर बार काढले ते बंदुकीला सरावलेले नव्हते, रान पुष्कळसे उघडे होते आणि नेम धरावयास त्याला वेळ मिळे. दाजीपूरच्या जाळीत, पावसाळ्यानंतरच्या ओल्या पालापाचोळ्यावर, उसळलेल्या गव्यासमोर तीच कवायत करता येईल, असा दावा खुद्द बेलनेही केलेला नाही. त्याच्या अनुयायांनी तो त्याच्या नावावर चढवला.

मोजमापाचा यत्न आणि गव्याचे शरीर

हा वाद आकड्यांनी सोडवण्याचा सर्वांत प्रसिद्ध यत्न आफ्रिकेतील शिकारी जॉन टेलरने १९४८ साली केला. गोळीची गतिज ऊर्जा हे माप वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने हलक्या, वेगवान गोळ्यांना अवास्तव महत्त्व देते, असे त्याचे मत होते. म्हणून त्याने गोळीचे वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून त्याला ७,००० ने भागण्याचे सूत्र मांडले. या सूत्राने .४७० ला सुमारे ७३, .४५०/४०० ला ४९, .३७५ ला ४० आणि .२७५ ला अवघे १६ असे गुण मिळतात. ऊर्जेच्या हिशेबाने .३७५ ही .४७० च्या चार-पंचमांश भरते. टेलरच्या हिशेबाने ती निम्म्याच्या किंचित वर राहते. म्हणजे कोणते सूत्र स्वीकारले यावर निकाल आधीच ठरून जातो. टेलरने आपले सूत्र हत्तीच्या डोक्यावरील अशा गोळीसाठी मांडले होते जी मेंदूला चाटून जाते आणि जनावर भोवंडून पडते. परंतु नंतरच्या लेखकांनी ते हरणापासून वाघापर्यंत सर्वांना लावले, आणि त्यात गोळीच्या बांधणीला स्थानच नाही, हे विसरले.

सूत्रांपेक्षा गव्याचे शरीर पाहणे अधिक उद्बोधक ठरते. गव्याच्या पाठीवर मानेपासून मध्यापर्यंत जो उंच वशिंडासारखा कणा दिसतो, तो चरबीचा नाही. मणक्यांवरची हाडे लांब वाढून तो बनलेला आहे. नवखा माणूस जनावराच्या एकंदर उंचीचा मध्य धरून नेम घेतो, आणि गोळी हृदयावरून, फुप्फुसांच्याही वरच्या भागातून किंवा त्या लांब हाडांमधून निघून जाते. गवा कोसळतो, उठतो आणि जाळीत शिरतो. हृदय छातीत खाली, पुढच्या पायाच्या रेषेत असते. त्यावर नेम धरावयाचा तर उंचीचा खालचा तिसरा हिस्सा धरावा लागतो, आणि दाट रानात नेमका तोच भाग झुडपांनी झाकलेला असतो. .४७० घेतलेला माणूस वशिंडात गोळी घालून बसतो आणि .३७५ घेतलेला हृदयात घालतो, तेव्हा पहिला म्हणतो माप अपुरे पडले आणि दुसरा म्हणतो माप पुरेसे आहे. दोघेही खरे बोलत असतात आणि दोघांच्याही अनुभवावरून मापाविषयी काही सिद्ध होत नाही.

माझ्या मते या वादाचे मूळ दुखणे येथे आहे. रायफलीची खरी कसोटी तिने किती जनावरे मारली ही नव्हे. तिने किती जनावरे जखमी करून रानात सोडली, ही आहे. शिकारीचा जुना दंडकही तेच सांगे की, जखमी जनावराचा माग काढून त्याचे हाल संपवल्याशिवाय रानाबाहेर पडू नये, आणि तो माग काढताना प्राण गमावावे लागले ते बहुधा बंदूकधाऱ्याला नव्हे, तर हाक्यातल्या अनवाणी माणसाला. पण पुस्तके लिहिली गेली ती मारलेल्या जनावरांवर. भिंतीवर मुंडकी टांगली गेली तीही त्यांचीच. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे पाहताना प्रेक्षक त्यांच्या आकाराने स्तिमित होतो, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि गोळी कोठून आत गेली, किती खोल गेली, जनावर किती पावले चालले, या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही मुंडक्याखालच्या पितळी पाटीवर लिहिलेली नसतात. याच तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तिन्ही पक्षांचा निवाडा होऊ शकला असता. शिवाय जे लिहावयास जिवंत राहिले त्यांचीच मते आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. ज्यांचे माप अपुरे पडले त्यांतील कित्येकांनी पुस्तक लिहिले नाही.

कायदा बदलल्यानंतर

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. छत्रपतींचे शिकारीचे रान १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि १९८५ मध्ये विस्तार होऊन त्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले. दरम्यान १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचा अध्याय मिटवला. गवा आणि वाघ पहिल्या परिशिष्टात गेले. मला याचे मनापासून समाधान आहे. ज्या रानात दरबारच्या परवानगीशिवाय कोणी बार काढू शकत नसे, त्याच रानातील गवे आज शेतकऱ्याच्या उसात येतात, हा त्या संरक्षणाचाच परिणाम आहे, आणि त्याचा भार शेतकऱ्याला सोसावा लागतो, हेही तितकेच खरे.

मग जुना प्रश्न निवळला काय? पूर्णतः नाही. कायद्याच्या अकराव्या कलमान्वये मनुष्यजीवितास धोकादायक ठरलेल्या जनावराला ठार करण्याचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो, आणि असा हुकूम निघाला की बोअरचा प्रश्न पुन्हा समोर येतो. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या परिसरातील वाघीण मारली गेली तेव्हा सार्वजनिक चर्चा मुख्यतः हुकूम योग्य की अयोग्य यावर झाली, आणि ते रास्तही होते. हत्यार, अंतर आणि नेमबाजाचे प्रशिक्षण यांविषयीचे निकष मात्र त्या गदारोळात मागे पडले.

बहुतेक प्रसंगी आज गोळीऐवजी भुलीचे इंजेक्शन झाडले जाते. हे अधिक सौम्य साधन खरे, पण त्याच्या अडचणी पाहिल्या म्हणजे जुन्या वादाची आठवण होते. पल्ला तीस-चाळीस मीटरांचा. मात्रा जनावराच्या अंदाजे वजनावर ठरवावयाची. औषध लागू होईपर्यंत काही मिनिटे जनावर धावत सुटणार. गर्दीने पाठलाग केला तर नुसत्या धावपळीने आणि भयाने त्याचे स्नायू निकामी होतात. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा पाठलागानंतर मरण पावला, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. याउलट कान्हाहून बांधवगडला २०११-१२ मध्ये पन्नास गवे भूल देऊन सुखरूप हलवण्यात आले. तेथे गर्दी नव्हती, तज्ज्ञ होते, वाहने तयार होती. रायफलीच्या वादात जे कधी झाले नाही, ते अशा मोहिमांत होते : प्रत्येक जनावरामागे औषध, मात्रा, वेळ आणि परिणाम यांची नोंद राहते.

जे अद्याप अनिर्णित आहे

राहता राहिली ती जुनी हत्यारे. संस्थानिक, सरदार, जहागीरदार आणि वतनदार यांच्या घरांत वारसाहक्काने आलेल्या .४७०, .४५०/४०० किंवा .३७५ मापाच्या रायफली अजून आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने एका परवान्यावरील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोन केली आणि वारशाच्या शस्त्रांनाही ती मर्यादा लागू केली. अधिकची शस्त्रे पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची. या तरतुदीमागे शस्त्रांचा प्रसार रोखण्याचा जो हेतू आहे तो कोणीही नाकारणार नाही. परंतु आजोबांच्या मॉझरपेक्षा पणजोबांची दुनळी ठेवावी की उलट, हा निर्णय कुटुंबांवर येऊन पडला, आणि जमा झालेली हत्यारे ओलसर कोठारांत गंजू लागली की कारागिरीचा एक अव्वल नमुना कायमचा जातो.

त्यात काडतुसांची आणखी एक अडचण. कायनॉक या इंग्रजी कारखान्याने १९६० च्या दशकात या जुन्या मापांचे उत्पादन बंद केले. पुढे काही परदेशी उत्पादकांनी .४७० आणि .४५०/४०० ची काडतुसे पुन्हा बनवली, परंतु ती नव्या दारूची आहेत. आणि दुनळी तर जुन्या कॉर्डाइटला जुळवलेली. नव्या काडतुसाने तिच्या दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी गोळी टाकतील की नाही, हे त्या त्या रायफलीचा बार निशाणावर काढूनच कळू शकते, आणि तसा बार काढण्याची परवानगी, जागा आणि काडतूस ही तिन्ही एकत्र मिळणे मालकाला दुरापास्त असते.

अशा रायफलींचा चाप निकामी करून त्या संग्रहालयांत ठेवाव्यात, की चालू स्थितीत परवान्यावर वारसांकडे राहू द्याव्यात, की निवडक हत्यारे वन खात्याच्या प्रशिक्षित माणसांच्या हाती द्यावीत, यावर तीन निरनिराळी मते ऐकू येतात. संग्रहालयवाले पहिल्याकडे झुकतात, घराणी दुसऱ्याकडे. तिसऱ्या मताला अनुभवी वन अधिकाऱ्यांचाच विरोध होऊ शकतो, कारण ज्या हत्याराचा वर्षानुवर्षे सराव होत नाही ते ऐन वेळी हाती देणे धोक्याचे, आणि सरावापुरती काडतुसे मिळत नाहीत तोवर .४७० पेक्षा सरावातली .३७५ त्यांना अधिक भरवशाची वाटते.